गोदाआक्काच्या वाटणीचे पंख

मिरजोळे, रत्नागिरी
१६ ऑक्टोबर २०२४

ती. गोदाआक्कास,
महिपतचा साष्टांग नमस्कार.

आधी सांगतो, इकडे सगळे ठीक आहे. पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून हे पहिल्या ओळीत. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मागच्या वेळी मी म्हटले, दीपाली मुंबईस गेली. तू म्हणालीस, पपई पिकली असेल तर दोन इकडे पाठव. तेव्हापासून ठरवले की तुझ्याशी बोलायचे ते कागदावर.

तर पपई नव्हे, तुझी भावजय मुंबईस गेली आहे. लेक वेदिकाचे बाळंतपण आहे, तीन महिने तरी येणार नाही. मी रिटायर होऊन सहा महिने झाले नाहीत तोच एकटा चुलीशी उभा राहिलो. त्यात साखर निघाली. डॉक्टरने भात बंद केला. आक्का, मला भात बंद! मी विचारले, मग खाऊ काय? तो म्हणाला, अंडी, मासे, कोंबडी. मी विचारले, कशाबरोबर? तो हसला आणि पुढच्या माणसाला आत बोलावले.

वेदिकाने मग एक कृती सांगितली, ती तुलाही लिहितो, कारण साखर तुझीही वाढलेलीच आहे. कोंबडीचे नुसते पंख घ्यायचे. सांध्यावर दोन तुकडे करून फडक्याने इतके कोरडे पुसायचे की पाण्याचा टिपूस राहता कामा नये. त्यावर मीठ, मिरपूड, हळद, लाल तिखट आणि चमचाभर सोडा चोळून फ्रिजमध्ये उघडेच ठेवायचे, म्हणजे कातडी सुकते. मग जाळीवर मांडून भट्टीत पाऊण तास, मध्ये एकदा उलटायचे. पीठ नाही, रवा नाही, तळण नाही. तरी कुरकुरीत होतात म्हणे. म्हणे अशासाठी, की माझे पंख आत्ता फ्रिजमध्ये सुकत पडले आहेत, उद्या भट्टीत जातील. करून बघायच्या आधीच तुला शिकवतो आहे. सदतीस वर्षे सरकारी कारकुनी केली, दुसरे काय होणार.

दुकानदाराने सवयीने तंगडी उचलली होती. मी घाईने म्हटले, नको, पंखच दे. तो म्हणाला, काका, पंख कोण मागून घेतं? मला एकदम तू आठवलीस.

पायाच्या अंगठ्याची जखम कशी आहे? समोर बाळा राहतो, त्याची बायको अक्षया दवाखान्यात कामाला आहे, ती रोज पट्टी बदलून देईल. मधले अंगण वीस पावले. जात जा.

तुझा,
महिपत


वरची वाडी, देवरूख
२४ ऑक्टोबर २०२४

चि. महिपत यास,
गोदाचा आशीर्वाद.

पत्र पावले. मला सगळे ऐकू येते. तू पुटपुटतोस.

भात बंद झाला तर झाला, डोळ्यात पाणी काढू नकोस. आपल्या आजाने दुष्काळ वरी खाऊन काढला. तुझे पंख मी केले. बाजारातून आणले, पुसले, कृतीप्रमाणे सगळे केले. माझ्याकडे भट्टी कुठली, पण काकडीचे धोंडस करतो तसे केले. बिडाच्या तव्यावर पंख मांडले, वर झाकण, झाकणावर निखारे. खालून वरून धग. कातडी पापडासारखी झाली. सोडे मात्र चमचाभर घातले तर कळेचनात, म्हणून मूठभर भाजून कुटून चोळले. कोंबडीत सोडे घालायचे डोके वेदिकाला कसे सुचले कोण जाणे, पण पोर हुशार आहे. चव अजून जिभेवर आहे.

पंख माझ्यासाठी नवे नाहीत. घरात कोंबडा कापला की वाटण्या ठरलेल्या. तंगड्या पाहुण्याला आणि आबांना, काळीज तुला, मला पंख. आबा म्हणायचे, पोरीच्या जातीने पंख खावेत, लवकर उडून सासरी जाते. मी इतके पंख खाल्ले महिपत, की आतापर्यंत विलायत गाठली असती. सासष्ट वर्षे इथेच बसले आहे.

अंगठा चिघळतो आहे. असू दे. त्या घरात मी जाणार नाही, हे तुला ठाऊक असून पुन्हा पुन्हा लिहू नकोस. बाळा चांगला आहे, अक्षयाही चांगली आहे. पण त्याच्या आईचा, गंगाकाकीचा उंबरा आहे तो. तिने तंगडी खाल्ली आणि माझ्या माथी मारली. अलोऱ्याचे स्थळ मोडले, ते तिच्यामुळे. तिच्या घरची पट्टी मला लागणार नाही.

सोडे संपले आहेत. रत्नागिरीत चांगले मिळाले तर पाव किलो पाठव.

गोदाआक्का


मिरजोळे
४ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास सा. न.

तुझे पत्र वाचून मी एकटाच इतका हसलो की शेजारचा दीपक बघायला आला. आक्का, मी सोडा लिहिले होते, सुक्या कोलंबीचे सोडे नव्हे! खायचा सोडा. माझ्या कान्याची मात्रा झाली असणार. पण थांब, पुढे ऐक. माझे पंख कडू झाले, साबण चावल्यासारखे. वेदिकाला सांगितले तर ती फोनवर ओरडली की पप्पा, मी बेकिंग पावडर सांगितली होती, सोडा नाही. म्हणजे आधी मी चुकलो, मग माझे अक्षर चुकले, आणि त्या दोन चुकांतून तुझी कोंबडी तेवढी सुधारली. आता मीही सोडेच घालणार. पाव किलो सोबत पाठवतो आहे, हर्णैचे आहेत.

दिवाळीत एकटाच होतो. करंज्या, लाडू काही नाही. साखर थोडी उतरली.

काकीचे ते जुने आता सोडून दे. ती जाऊन सहा वर्षे झाली. मेलेल्या माणसाशी अबोला धरून काय मिळते? आणि तंगडी तिनेच खाल्ली, हे कुणी डोळ्यांनी पाहिले होते का? मांजर असेल. घर उघडे, माणसांची ये-जा. अंगठ्याला अक्षयाकडून पट्टी करून घे. साखरेच्या माणसाने जखम अंगावर काढू नये, पाय कापायची पाळी येते. मी घाबरवत नाही, डॉक्टरने मला सांगितले ते लिहितो.

तुझा महिपत


वरची वाडी
११ नोव्हेंबर २०२४

चि. महिपत यास,

मांजर म्हणे. चुलीवरच्या उकळत्या टोपातून तंगडी उचलणारे मांजर तू पाहिले आहेस का?

तू दहा वर्षांचा होतास, तुला काय आठवणार. मला सगळे आठवते. अलोऱ्याच्या कोयना कॉलनीतून माणसे आली होती. मुलगा हरिश्चंद्र, प्रकल्पावर स्टोअरकीपर. पान वाढायला घेतले तर टोपात एकच तंगडी. मुलाच्या वडिलांना वाढली, मुलाच्या पानात छातीचा तुकडा. आबांनी माणसांसमोर विचारले, दुसरी कुठं गेली? काकी दारात उभी होती. म्हणाली, "माज्याकडं काय बगताव? चुलीशी गोदाच व्हती." झाले. पाहुणे तोंडातल्या तोंडात हसले. आठ दिवसांनी निरोप आला, मुलगी जिभेची लालची आहे, पाहुण्याच्या पानातले खाणारी पोर आम्हाला नको. मग ती गोष्ट देवरूखच्या बाजारापर्यंत गेली. पुढे ज्यांनी म्हणून विचारले, त्यांच्या कानावर आधी तंगडी जायची आणि मग माझे नाव.

मी खाल्ली नव्हती. मग उरले कोण? चुलीशी दोघीच होतो.

मी त्या दिवसापासून तिच्या हातचे पाणी घेतले नाही. अंगणात समोरासमोर आलो तर मी तोंड फिरवायची. ती शेवटच्या आजारात होती तेव्हा बाळा तीनदा बोलवायला आला. आई तुझ्या हातची पेज मागते, म्हणाला. मी दार लावून घेतले. पेज चुलीवर होती, तरी नेली नाही. बरे केले. मला त्याचा काडीचा पश्चात्ताप नाही.

तू मला शहाणपण शिकवू नकोस. अंगठा माझा आहे.

गोदा


मिरजोळे
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

तुझे पत्र आले त्याला चार दिवस झाले. पेजेची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मला ते ठाऊक नव्हते. काकी गेली तेव्हा मी तेराव्याला आलो, जेवलो, आणि एसटीने परत गेलो. कोणी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

आक्का, तंगडी मी खाल्ली.

लिहिले एकदाचे. आता सगळे सांगतो, कारण अर्धे सांगितले तर पुन्हा लपवल्यासारखे होईल.

तू पाणी आणायला विहिरीवर गेली होतीस आणि काकी जेवणाला केळीची पाने कापायला परसात. तुम्ही दोघी एकमेकींना चुलीशी समजत होतात. टोपात झारा होता. मला नेहमी काळीज मिळायचे. तंगडी कशी लागते ते मला कधी कळले नव्हते, आणि त्या दिवशी दोन्ही तंगड्या परक्या माणसांच्या पानात जाणार होत्या. मी तंगडी झाऱ्याने उचलून गुरांच्या मांगरात पळालो. जीभ पोळली, टाळ्याची साल निघाली, तरी खाल्ली. हाड पेंढ्यात खुपसले. चव कशी होती विचारशील तर सांगता येत नाही, कारण पोळलेल्या जिभेला काही लागलेच नाही.

आबांनी विचारले तेव्हा मी पंगतीच्या टोकाला बसलो होतो. तोंड उघडले असते तर टाळ्याची साल दिसली असती, म्हणून मी मान खाली घालून भात गिळत राहिलो. तू माझ्याकडे बघितलेसुद्धा नाहीस. तुला माझा संशय कधीच आला नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागते. आई गेल्यावर तूच मला वाढवलेस. तुला वाटले, मी असे करूच शकत नाही.

तेव्हा लहान होतो, असे म्हणून सुटता येईल. पण मग मी मोठा झालो. नोकरी कुठे लागली, अलोऱ्याला. स्टोअरमध्ये माझ्या टेबलासमोर कोण, तर हरिश्चंद्र. चार वर्षे त्याच्या हाताखाली काढली. भला माणूस. त्याच्या घरी जेवलो, त्याच्या बायकोने मला आग्रह करून तंगडी वाढली आणि मी ती खाल्ली. एकदा तो बोलता बोलता म्हणाला, देवरूखकडची एक मुलगी बघितली होती, मला आवडली होती, पण वडिलांनी काहीतरी खाण्यावरून मोडले. मी कोणाचा भाऊ आहे ते त्याला सांगितले नाही. बदली मागून घेतली. तू मला विचारत होतीस, चांगली कॉलनी सोडून का आलास? मी हवा मानवत नाही म्हणालो.

अठ्ठेचाळीस वर्षे तुझ्या हातचे खाल्ले आणि तू पंख चोखताना बघत बसलो. मागे दुकानात मी तंगडी नको म्हणालो ते साखरेमुळे नाही. मी ती घरी आणतच नाही. दीपालीला वाटते, मला आवडत नाही.

मी मांजर लिहिले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, चष्मा लावून, टेबलापाशी बसून मी तुला मांजर लिहिले. दहाव्या वर्षीच्या चोरीपेक्षा या मांजराची मला जास्त लाज वाटते.

माफ कर असे लिहीत नाही. मागायला तोंड नाही.

महिपत


मिरजोळे
२० डिसेंबर २०२४

ती. आक्कास,

महिना उलटला. तुझी ओळ नाही. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. बाळाला फोन केला, तो म्हणाला, आक्का आहे, बरी आहे, आणि फोन ठेवला.

मागच्या मंगळवारी मी देवरूखला आलो होतो. स्टँडवर उतरलो, वाडीकडची गाडी समोर उभी होती. मी उपाहारगृहात बिनसाखरेचा चहा घेतला आणि रत्नागिरीच्या गाडीत परत बसलो. चढावाच्या रस्त्याने येऊन तुझ्या दारात काय म्हणायचे ते मला सुचले नाही.

तू काही लिहू नकोस. फक्त अंगठ्याचे कळव.

महिपत


वरची वाडी, देवरूख
२८ डिसेंबर २०२४

महिपत,

आशीर्वाद लिहिलेला नाही, ते मुद्दाम. विसरले नाही.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवले आणि चूल पेटवली नाही. मग दोन दिवस तुला शिव्या दिल्या, मोठ्याने. हरिश्चंद्राचे वाचून रडलेसुद्धा, या वयात, आणि स्वतःचाच राग आला. आवडली होती म्हणे. हे तू मला तीसेक वर्षांपूर्वी सांगितले असतेस, तर निदान एकदा आरशात नीट बघितले असते.

पण मग पेज डोळ्यांसमोर आली. तुझी लाज तुझ्यापाशी. माझी मला पुरते. माझ्या दारात बाळा तीनदा उभा राहिला होता आणि मी कडी लावली होती. तुला मी बरे केले असे लिहिले, ते खोटे होते. बरे केले असते तर लिहावे लागले नसते. त्या रात्री पेज मी खाल्ली नाही, सकाळी गुरांना घातली. एका म्हातारीला मी पेजेवाचून मारले, आणि तिने काही खाल्ले नव्हते.

आठ दिवस अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊन परत फिरत होते. ती वीस पावले नाहीत, तेवीस आहेत. नवव्या दिवशी गेले. बाळा जेवत होता. तुझे पत्र त्याच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटले, वाच, आणि मग मला काय म्हणायचे ते म्हण. त्याने हात धुऊन वाचले. अक्षयाला वाचून दाखवले. मग बाळा म्हणाला, "आक्का, आयशीनं त्या दिसापासून तंगडी खाल्ली नाय. आमी वाढली तरी बाजूला काडायची. म्हनायची, माज्या तोंडातनं गोदाचं नाव गेलं, मी बगितलं नव्हतं तरी गेलं."

ऐकलेस? ती तिकडे खात नव्हती, मी इकडे खात नव्हते. अंगणाच्या दोन्ही बाजूंना दोन बायका वर्षानुवर्षे तंगडी बाजूला काढत राहिल्या, आणि खाणारा रत्नागिरीला. तिच्या फोटोपुढे पेज ठेवली. फोटोला काय कळते. पण ठेवली.

अंगठ्याला अक्षया रोज पट्टी करते. पू थांबला आहे. हात हलका आहे तिचा. मला ती 'ओ आत्या' म्हणून मोठ्याने हाक मारते, म्हणजे मला ऐकू येते.

आता तुझे. स्टँडवरून परत गेलास ते बाळाला गाडीच्या कंडक्टरकडून कळले होते. आम्ही वाट बघत होतो असे नाही. पण ताट दोन दिवस जास्तीचे घेत होतो.

पुढच्या रविवारी, पाच तारखेला, शेताच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा आहे. राखणीला सगळी भावकी अंगणात जेवायला बसेल, चाळीस-एक पान होईल. त्यातली निम्मी माणसे अजून मला तंगडीवाली गोदा म्हणतात, माझ्या माघारी. काकीला काय म्हणतात ते बाळाला विचार, माझ्याच्याने लिहवत नाही. कागदावर तू मला सांगितलेस, ते झाले. त्यांना तू तोंडाने सांगायचे. पान वाढून झाले की, वदनी कवळ म्हणायच्या आधी, उभे राहून. पुटपुटायचे नाही. मला ऐकू आले पाहिजे.

यायचे की नाही ते तू ठरव. तू नाही आलास तर मी कोणाला काही सांगणार नाही. मला आता त्यांच्या तोंडची गरज नाही, काकीला मात्र आहे.

राग गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन.

एक सांगायचे राहिले. काल अक्षयाने कोंबडी आणली. मी तुझ्या कृतीने केली, सोडे कुटून, वरखाली निखारे ठेवून. पंख माझ्या पानात घ्यायला निघाले तर तिने माझ्या पानात तंगडी टाकली आणि माझ्याकडे बघत बसली. मी खाल्ली. सासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. चांगली होती, महिपत. मऊ होती. पण खरे सांगते, पंखांपेक्षा काही फार वेगळी नव्हती.

रविवारी येशील तर पंख तुझ्या वाटणीला ठेवते.

गोदाआक्का